दोन उशांच्या बदल्यात

गेल्या डिसेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मी आईची कापसाची गादी दारावर आलेल्या गादीवाल्याला दोन उशांच्या बदल्यात देऊन टाकली. आई त्या वेळी घरी नव्हती. तिला विचारलेले नव्हते. गादी गुरुवारी संध्याकाळी परत आली. मधल्या दिवसांतले जे मला नीट आठवते आणि ज्याची नंतर खात्री करून घेता आली, तेवढेच इथे लिहितो आहे.

आमचे घर अमरावतीत. आई अकोल्याला एकटी राहत असे. सप्टेंबरात ती मागच्या दाराच्या पायरीवरून घसरली, खुब्याचे ऑपरेशन झाले आणि दवाखान्यातून सुटल्यावर आम्ही तिला इकडे आणले. सोबत एक ट्रंक, एक वॉकर आणि जुन्या चादरीत गुंडाळून दोरीने बांधलेली गादी. गादी नेऊ नये असे माझे मत होते. ती मागच्या सीटवर उभी राहून आली आणि आई पुढे बसून आली.

पहिला दीड महिना आई त्याच गादीवर झोपत होती. नोव्हेंबरात व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंनी गादी हाताने चाचपली आणि ती मध्ये बसल्याचे सांगितले. खुब्यासाठी सपाट आणि घट्ट गादी हवी. आई म्हणाली, "पिंजून आना, होते सपाट." सहा वर्षांत ती पिंजलेली नव्हती. पण अमरावतीत आता गादी पिंजून देणारा शोधायचा कुठे, असे पत्नीने आणि मी एकदमच म्हटले आणि रविवारी राजकमल चौकाच्या पलीकडच्या दुकानातून फोमची गादी घेतली.

दुकानात पत्नीने अकरा गाद्यांवर कोपर टेकवून पाहिले. कोपर खालच्या फळीला लागले की गादी नापास. त्यानंतर अभ्र्याची चेन काढून परत लावून पाहिली. मी प्रत्येक गादीचे लेबल वाचले. छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची माझी सवय आहे. बत्तीस वर्षे वर्तमानपत्रात काम केल्यावर ती राहायला नको होती, पण राहिली आहे. शेवटी दहा वर्षांच्या वॉरंटीचे कार्ड असलेली गादी ठरली.

ती पोचवायला आलेल्या माणसाने आईला ते कार्ड दाखवले. आईने ते उलटे-सुलटे करून पाहिले.

"दहा वर्सांनी पिंजून भेटते का हे?"

"नाही आजी, ही पिंजत नाहीत. बदलतात."

"मंग जुनीचं काय करता?"

"फेकतात."

"मंग इकत घेतली काहून म्हन्ता? दहा वर्साच्या भाड्यानं आनली म्हना."

तो माणूस हसला, आम्हीही हसलो. जुनी गादी गुंडाळून कपाटावर ठेवली.

त्यानंतर नऊ रात्री आई नीट झोपली नाही. हा आकडा पत्नीचा आहे. तिची झोप सावध असते, आणि वॉकरच्या रबरी पायांचा आवाज तिला रोज दोन-तीनदा ऐकू यायचा. आईने पहिले काही दिवस तक्रार केली नाही. विचारल्यावर म्हणाली, "कूस बदलली का हे मांगून ढकलते. रातभर कोनी उठवून राहिलं असं वाटते." सवय होईल, असे मी म्हणालो. दिवसा ती खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागली, व्यायाम टाळू लागली. फिजिओथेरपीच्या बाईंनी वहीत सलग तीन दिवस एकच शेरा लिहिला : थकवा.

मंगळवारी सकाळी पत्नी आईला एक्स-रेसाठी घेऊन गेली. माझी ड्युटी दुपारी चारला सुरू होते, म्हणून मी घरी होतो. गल्लीत तीनचाकीवर पिंजायचे यंत्र घेऊन एक गादीवाला आला. भोंग्यावर आधीच भरून ठेवलेला आवाज होता : गादी, रजई, तक्या भरून घ्या. पन्नाशीचा माणूस, भुवयांवर रुईचे तंतू. अमरावतीत गादीवाला मिळत नाही हे आमचे म्हणणे तिथेच खोटे ठरले होते, पण ते माझ्या लक्षात आले नाही. कपाटावरची अडगळ गेली तर बरी, एवढेच डोक्यात होते. मी गादी खाली आणली.

इथे मी जी चूक केली ती दुसऱ्या मुलखातल्या माणसाने केली नसती. नोकरीची पहिली सोळा वर्षे मी अकोल्यात बाजारभावाचे पान पाहायचो. बाजार समितीतल्या कापसाची प्रत ठरवणाऱ्या एका अनुभवी ग्रेडरने मला कापूस बघायला शिकवले होते. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि बोटात धरायची, ओढायची, टोके जुळवायची, पुन्हा ओढायची, आणि उरलेला पुंजका नखावर ठेवून धाग्याची लांबी पाहायची. लांब निघाला तर भाव चढा, आखूड निघाला तर उतरता. वऱ्हाडात ज्या माणसाने एकदा तरी बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून कापूस नेला आहे तो हे करतो, आणि कुठेही करतो. उशीचा कोपरा फाटलेला दिसला तरी करतो. दवाखान्यात इंजेक्शनच्या जागेवर लावलेला बोळा ओढून पाहणारा माणूस मी पाहिलेला आहे. पुण्याचा माझा एखादा सहकारी असता तर त्याने गादीचा वास घेतला असता, आईला फोन केला असता आणि विषय संपवला असता.

मी कोपऱ्याचे चार टाके उसवले, चिमूट काढली आणि ओढली. धागा आखूड निघाला. दुसऱ्या कोपऱ्यातून काढली, तीही आखूड. रुई जुनी होऊन तुटली आहे, असा निष्कर्ष मी काढला.

गादीवाला बघत होता. "साहेब कपाशीवाले दिसता."

"बाजारभाव लिहायचो."

"मंग तुमाले काय सांगावं." त्याने उसवलेल्या जागेतून हात आत घातला आणि थोडा वेळ आतच ठेवला. हात बाहेर काढून त्याने विचारले, "घरात इचारलं ना?"

"विचारलं."

"पक्कं?"

"हो."

"दोन उशा देतो. नव्या."

मी लगेच हो म्हटले. तुटक्या रुईला दोन नव्या उशा म्हणजे सौदा आपल्या बाजूने झाला, असे मला वाटले. त्याचे थोडे नुकसान केले म्हणून त्याला चहाही दिला.

पत्नी आणि आई एकच्या सुमाराला परतल्या. डॉक्टरांनी हाड जुळत असल्याचे सांगितले होते आणि निदान सहा महिने एकटे राहायचे नाही असे बजावले होते. आईने कपाटाकडे पाहिले. जेवली. पानसुपारीचा डबा काढला, बंद केला. तीन वाजता, मी निघायची तयारी करत असताना, तिने विचारले.

"गादी कोठी हाये?"

मी सांगितले.

"काहून?"

"रुई तुटली होती. ओढून पाहिली मी."

"आखूड निंगाली?"

"हो."

"आखूडच असते ते." ती शांतपणे म्हणाली. "हिवरखेडची गावरानी होती. माह्या मायनं कपाशीची दोन तासं लावली होती वावराच्या धुऱ्याजवळ, निस्त्या गाद्यांसाठी. बाजारात तिले कोनी पुसत नव्हतं. गादीले आखूडच लागते लेका. लांब धाग्याची रुई सालभरात गोळे धरते. हे चार डाव पिंजून घेतली मी, माह्यासमोर, अन् चारी डाव फुलून वर आली."

पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "यांना सोळा वर्षं बाजाराचं पान दिलं होतं," ती कोणाला उद्देशून म्हणाली ते कळले नाही.

आईने पुढचे वाक्य बोलायला वेळ घेतला नाही. "शनवारी मले अकोल्याले नेऊन दे. तिथं सुतळीच्या बाजीवर झोपीन. झोप तं येईन."

डॉक्टर काय म्हणाले याची पत्नीने आठवण करून दिली. आई म्हणाली, "त्यानं एकटं राहू नोको म्हटलं. झोपू नोको असं नाई म्हटलं." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर समजूत काढता आली असती. अकोल्याच्या घरी मागच्या दाराला त्याच तीन पायऱ्या आहेत आणि संडास त्या पायऱ्यांच्या पलीकडे आहे. शनिवारला चार दिवस होते.

बुधवारी सकाळी मी गादीवाल्याचा शोध सुरू केला. माझ्याकडे त्याचे नाव नव्हते, नंबर नव्हता, गाडीचा क्रमांक पाहिलेला नव्हता. बातमीदाराने एवढ्या माहितीवर परत यावे, याबद्दल मी कधीकाळी दुसऱ्यांना बोललो आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मागच्या महिन्यात रजई भरून घेतली होती. त्यांच्या फोनमध्ये तीन नंबर निघाले : गादीवाला, गादीवाला नवा, गादीवाला खरा.

"यातला खरा कोण?" मी विचारले.

"खरा म्हणजे जो सांगितलेल्या दिवशी येतो तो."

पहिला परतवाड्यात होता आणि आमच्या गल्लीत कधी आलेला नव्हता. दुसऱ्याचा फोन बंद. तिसऱ्याने लगेच ओळखले. "हां, दो तकियेवाले साहेब."

मी गादी परत हवी आहे असे सांगितले. पलीकडे काही क्षण यंत्राचा आवाज येत राहिला, मग तो थांबला.

"साहेब, ते तं मी घरी घेऊन आलो. बार्शीटाकळीले. रविवारी पुतनीची शादी हाये, तिच्या गादीत घालतो म्हटलं. अशी रुई आता पैसा देऊन नाई भेटत."

"पिंजली का?"

"खोळ उसवली. पिंजाची हाये अजून. मी दोनदा इचारलं होतं साहेब."

"विचारलं होतं."

"उद्या या. दुपारच्या आदी या, मंग घाई होते."

पिंजलेली नाही, म्हणजे दुसऱ्या रुईत मिसळलेली नाही, एवढे कळल्यावर मी खुर्चीत बसलो. काकूंनी न विचारता पाणी आणून दिले. आईला सांगितले तेव्हा तिने मान हलवली, अकोल्याला जाण्याबद्दल काही बोलली नाही. पण उसवली म्हटल्यावर एक सूचना दिली. "त्याच्या घरी रुईचे गंजच्या गंज असतीन. वढून पाहू नोको आता. मुठीत दाब, धा मोजेलोक धर, मंग सोड. उठली तं आपली. बसून राहिली तं दुसऱ्याची. अन् पिंजताना नजर हालवू नोको."

"तो माणूस चांगला वाटला."

"चांगला असंन. तरी बस तिथं. सारेच बसतात."

गुरुवारी रजा टाकून सकाळी साडेसहाला निघालो. दोन उशा मागच्या सीटवर होत्या. मूर्तिजापूरला चहा घेतला, अकोला ओलांडून दहाच्या आधी बार्शीटाकळीत पोचलो. घर विचारावे लागले नाही. अंगणात मांडव होता आणि कडुनिंबाखाली ताडपत्रीवर रुईचे तीन ढीग होते. गादीवाला घरी नव्हता. खोळीचे कापड आणायला अकोल्याला गेला होता, फोन लागत नव्हता. नवरीची आई बाहेर आली. तिला गादीची हकीकत माहीत होती, पण ढिगांतला आमचा कोणता हे माहीत नव्हते.

"तुमची तुमी पाहा," ती म्हणाली. "पर नवरीची नका नेऊ भाऊ."

मी आधी ओढूनच पाहिले. सवय. एक ढीग लांब धाग्याचा निघाला, तो बाद. उरलेले दोन्ही आखूड. रंगही सारखाच, किंचित पिवळट. मंगळवारी मी जिथे फसलो होतो ती जागा पुन्हा समोर होती : एक रुई वापरून तुटलेली, दुसरी जन्मतःच आखूड, आणि बोटांना दोन्ही सारख्या.

मग आईने सांगितले तसे केले. पहिल्या ढिगातली मूठभर रुई दाबली, दहापर्यंत मोजले, मूठ उघडली. बोटांचे ठसे उमटलेला गोळा तसाच राहिला. दुसऱ्या ढिगातली दाबली. मूठ उघडल्यावर ती आधी हलली नाही. मग कडेने सुटायला लागली आणि थोड्या वेळात पुन्हा ओंजळभर झाली. मी तीन वेगवेगळ्या जागांहून घेऊन तेच केले. तीनही वेळा उठली.

नवरीची आई पाहत होती. घरातल्या दोन-तीन बायाही दारात येऊन उभ्या राहिल्या. "अमरावतीहून आले रुई दाबाले," त्यांच्यातली एक म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. तोवर गादीवाला आला. मी मूठ उघडून त्याला उठलेली रुई दाखवली आणि दुसऱ्या ढिगाकडे बोट केले.

"बराबर," तो म्हणाला. "मंगळवारी हेच करून पाहाचं होतं." त्याने मंगळवारी हात आत घालून तेच केले होते, हे मला तेव्हा समजले.

मी आईला फोन लावला आणि त्याच्याकडे दिला. त्याने स्पीकर चालू केला.

"नवरीची गादी भरून राहिला होता म्हन्ता?" आईने विचारले.

"हो मांजी."

"किती किलोची?"

"धा किलोची भरतो."

"मंग दोन किलो राहू दे त्यातली. वरच्या थराले घालजो. खाली कोनतीबी चालते."

"मांजी, तुमाले कमी पडंन."

"मी आता केवढीशी राहिली."

त्याने फोन मला परत दिला. वजनकाटा आणला, दोन किलो वेगळी काढली आणि ती पिशवी नवरीच्या आईच्या हातात दिली. तिने ती घरात नेली. पुढचे दोन तास यंत्र चालू होते आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीवर समोर बसून होतो. मध्येच त्याने मान वर न करता विचारले, "मांजीनं सांगतलं असंन, नजर हालवू नोको?"

"हो."

"चांगलं केलं. माही माय बी असंच सांगत जाय लोकाईले. माह्यासमोर."

पिंजलेली रुई नव्या पट्ट्यापट्ट्याच्या खोळीत भरली, काठीने ठोकून सारखी केली, रुई सरकू नये म्हणून जागोजागी आरपार दोऱ्याचे डोरे घातले. दोन उशा मी परत दिल्या. त्या तो घेणार नाही असे मला वाटले होते. त्याने घेतल्या. "नवरीले दोनच लागतात," तो म्हणाला. पिंजाईचे पैसे घेतले, जेवायला थांबवले, रविवारचे आमंत्रण दिले.

संध्याकाळी सहाला घरी आलो. पत्नीने फोनवर फिजिओथेरपीच्या बाईंना विचारून घेतले होते : ताजी पिंजलेली गादी फळीवर असेल आणि पलंगाची उंची तीच राहत असेल तर हरकत नाही. फोमची गादी काढून दुसऱ्या खोलीत नेली. आईने नव्या खोळीवर चार ठिकाणी मूठ दाबून पाहिली. "कडेले टाके जवळ घातले," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ती सातला दहा कमी असताना उठली. रात्री साडेनऊनंतर वॉकरचा आवाज एकदाच आला, हे पत्नीने सांगितले. व्यायामाला आलेल्या बाईंनी वहीत त्या दिवशी वेगळा शेरा लिहिला : दोन फेऱ्या जास्त. शुक्रवारची रात्रही तशीच गेली.

दरम्यान मी अकोल्याच्या त्या ग्रेडरना फोन केला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. आखूड धाग्याची गावरानी रुई जाड आणि ताठ असते, म्हणून ती दबून उठते, हे त्यांनी सांगितले. हे मला तेव्हाच का शिकवले नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले, "तू भाव लिहायला आला होतास. गाद्या भरायला कुठं आला होतास?" आईचे म्हणणे असे दोन ठिकाणांहून खरे ठरले. फोमच्या गादीत मात्र काही दोष नव्हता. तिच्यावर आता पत्नी झोपते आणि तिला चांगली झोप लागते.

शनिवारी आम्ही अकोल्याला गेलो नाही. सकाळी चहा पिताना मी विषय काढला, तेव्हा आई वर्तमानपत्र वाचत होती. "आज नोको," ती म्हणाली आणि पान उलटले.

पुढच्या सोमवारी तिने मला पेन्शनच्या खात्याबद्दल विचारले : अकोल्याच्या शाखेतून ते इकडे आणता येते का. येते, असे मी सांगितले. मंगळवारी तिने अर्जावर सही केली. त्या गुरुवारी खाते अमरावतीच्या शाखेत आले.